तिच्या कागदावर तीन हात

आमच्या धंद्यात एक शब्द फार चालतो, ‘हात फिरवणे’. पोराचं झाड विजेच्या खांबासारखं आलं, रंग रेघेबाहेर सांडला, की ड्रॉइंगच्या बाईंनी ब्रश घ्यायचा आणि दहा मिनिटांत ते बघण्यासारखं करून टाकायचं. पालक म्हणतात, “मॅडम, जरा हात फिरवून द्या ना.” मोठ्या मॅडम म्हणतात, “पाहुणे येणार आहेत, थोडा हात फिरवून घ्या.” बावीस वर्षं मी नागपुरात लहान पोरांना चित्रकला शिकवते आहे. माझा हात चांगला फिरतो असं सगळी शाळा म्हणायची, आणि मलाही त्याचा तोरा होता. खोटं कशाला बोलू?

शाळा अमरावती रोडला, वाडीच्या अलीकडे. खाली पहिली ते चौथी, आणि मागच्या बाजूला एका लांबट खोलीत विशेष मुलांचा वर्ग. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला बोलता येत नाही, कोणी वयानं बारा आणि समजेनं चार. आठवड्यातून तीन तास त्यांचे माझ्याकडे. पहिल्या वर्षी मी मोठ्या मॅडमना स्पष्ट सांगितलं होतं की मला हे जमणार नाही, मी काही डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही फक्त रंगवून घ्या हो, बाकी आम्ही बघतो.” मग घेतलं रंगवून.

ती मुलगी त्या वर्गात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. बोलत नव्हती. डावा हात छातीशी दुमडलेला असायचा, त्याची मूठ उघडायची नाही. अधूनमधून फिट यायची, म्हणून तिच्या खुर्चीखाली कायम एक जुनी गादी टाकलेली. आई तिला कडेवर घेऊन यायची, इतकी मोठी पोर कडेवर, आणि तिला बसवून तशीच गोदामात पॅकिंगच्या कामाला पळायची. बाप ट्रकवर ड्रायव्हर. मी त्याला दोनदाच पाहिला. वाडीत पत्र्याची एक भाड्याची खोली, तिघांचा संसार.

उजव्या मुठीत खडू धरायची ती. आपण लाटणं धरतो तसा, पूर्ण मुठीत. आणि रंग एकच, काळा. मेणाच्या खडूंचा डबा पुढे केला की बाकीची पोरं लाल-पिवळ्यावर तुटून पडायची, ही बरोबर काळा उचलायची. आधी तो तोंडात घालून त्याचं टोक चावायची, मग कागदावर दाबून गोल फिरवायची. गोल, गोल, गोल. एकावर एक नाही, एकाशेजारी एक. इतकं दाबायची की खालच्या बाकावर वळ उठायचे. आणि तोंडानं एक आवाज. ओठ फडफडवून काढलेला, लांबलचक. थुंकी उडायची. घुर्रर्र.

मला तो आवाज सहन व्हायचा नाही. “ए बाई, गप गं! तोंड बंद.” मी ओरडायचे. बोलताना मी पुस्तकातलं बोलते, पण डोकं फिरलं की माझ्या माहेरची, इतवारीची बोली बाहेर येते. “काहून वं, काळाच पाहिजे का तुले? दुसरा रंग दिसत नाही का?” ती हसायची. तिला वाटायचं मी तिच्याशी खेळते आहे. मग पुन्हा घुर्रर्र.

काळा रंग चित्र घाण करतो, असं मला शिकवलेलं होतं आणि मीही तेच पुढे शिकवत होते. म्हणून मी एक युक्ती केली. डब्यांतले काळे खडू वेचून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायला लागले. तिनं डबा उलटापालटा केला की सांगायचे, “संपला काळा. संपला ना बेटा. निळा घे, बघ किती छान आहे.” ती निळा उचलायची नाही. डब्यात बोट घालून, जिथं काळ्याची जागा असते तिथं चाचपत बसायची. आणि कुठून कोण जाणे, दहा मिनिटांत तिच्या मुठीत काळा खडू असायचाच. कधी शेजारच्याचा, कधी खाली पडलेला तुकडा. मी पण हट्टी, ती पण हट्टी.

तिच्या दुसऱ्या वर्षी शाळेनं मोठं प्रदर्शन ठरवलं. विशेष वर्गाची चित्रं दर्शनी भिंतीवर लावायची, देणगी देणारे पाहुणे येणार. प्रत्येक मुलाला एक-एक जाड, चांगल्यातला कागद मिळाला. मोजून एक. मोठ्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बघा, गिजबिज नको. लोकांना वाटलं पाहिजे की आपल्याकडे मुलं काहीतरी शिकतात.”

त्या दिवशी तिनं त्या कागदावर तेच केलं. डावीकडून सुरू केलं. गोल, गोल, गोल, घुर्रर्र. कागदाच्या खालच्या कडेनं ओळच्या ओळ भरली, मग वर एक मोठा चौकोनासारखा काळा गठ्ठा, मग पुन्हा गोल. आख्खा तास लागला. उजव्या कोपऱ्याशी पोहोचली तेव्हा घंटा झाली. माझा पुढचा तास चौथीवर होता. मी म्हटलं, “झालं, छान झालं, बस,” आणि तिच्या मुठीतून खडू ओढून काढला. तिनं सोडला नाही. मी एकेक बोट उघडून काढला. ती ओरडली, पण ती नेहमीच ओरडायची.

ते चित्र मी घरी नेलं. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर रंग मांडले. यजमान चहा घेता घेता म्हणाले, “नवा कागद का नाही घेत? हे झाकण्यापेक्षा सोपं नाही का?” मी म्हटलं, “कागद तिचाच राहू दे. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर खोटं बोलल्यासारखं होत नाही.” बघा, काय डोकं चाललं माझं! खाली तिचा कागद, तिचा खडू, वरून थोडं माझं. मी तेव्हा स्वतःला प्रामाणिक समजत होते.

मेणावर पाण्याचा रंग बसत नाही, हे पहिलीतल्या पोरालाही आम्ही दाखवतो. मेणबत्तीनं कागदावर गुपचूप नाव लिहायचं, वरून रंग फिरवला की नाव पांढरं उमटतं, पोरं टाळ्या पिटतात. तिच्या गोलांवरून माझा निळा रंग थेंब-थेंब होऊन ओघळायला लागला. मग मी रंगात डिंक घातला, घट्ट केला, आणि एक हात मारला. वाळू दिला. दुसरा हात. वाळू दिला. तिसरा हात. रंगाच्या थराला आम्ही हातच म्हणतो. तीन हातांत तिचं काळं पार झाकलं गेलं.

आणि त्यावर मी काय काढलं असेल? दोन डोंगर. डोंगरांमध्ये सूर्य. खाली वळणारी नदी. कौलारू घर, नारळाचं झाड. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतो तो देखावा. त्या पोरीनं जन्मात नारळाचं झाड पाहिलं नव्हतं, वाडीत डोंगर कुठले आणि नदी कुठली! मग उजव्या कोपऱ्यात जागा उरली होती, तिथं मी एक बाई काढली आणि तिचा हात धरलेली एक छोटी फ्रॉकवाली मुलगी. ते करताना मला फार छान वाटत होतं, हे मी कबूल करते. रेघा मुद्दाम वाकड्या ठेवल्या. मुलानं काढल्यासारख्या वाटाव्या म्हणून. तेवढी अक्कल होती मला.

प्रदर्शनाच्या दिवशी आई तिला कडेवर घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. खाली तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी. आईनं आधी नाव वाचलं, मग चित्र पाहिलं, मग त्या कोपऱ्यातल्या दोघी पाहिल्या. तिनं पदर तोंडाला लावला आणि पाहुण्यांच्या देखत रडली. “मॅडम, इनं आमाले काढलं,” ती म्हणाली. “माह्यावाल्या पोरीनं मले काढलं.” मी काय केलं? मी तिच्या खांद्यावर थोपटलं.

मुलगी मात्र खाली उतरायला धडपडत होती. आईनं उतरवलं. ती चित्राजवळ गेली, नाक टेकवून उभी राहिली, आणि उजव्या मुठीनं आभाळ घासायला लागली. मग तिनं कागदाची खालची कड उचलली आणि मागे डोकावून पाहिलं. ती शोधत होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, आजच कळलं असं मी म्हणणार नाही.  पाहुणे दोन पावलांवर होते. मी तिचं मनगट धरून बाजूला केलं आणि म्हटलं, “हात नको लावू. खराब होईल.”

त्या दिवशी तिनं तोंडानं आवाज केला नाही. माझ्याकडे बघून हसलीही नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. वाडीतल्या डॉक्टरकडून रामदासपेठेत मोठ्या दवाखान्यात नेलं. मी एकदा जाऊन आले. काचेबाहेरून पाहिलं. आठव्या दिवशी गेली. तिची उजवी मूठ शेवटपर्यंत चादर धरून होती, असं तिच्या आईनं नंतर सांगितलं, आणि मला त्याच क्षणी ती बोटं आठवली, मी एकेक करून उघडलेली.

तेराव्यानंतर आई शाळेत आली. तिच्याकडे मुलीचा धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा एक, तोही डोळे मिटलेला. “मले तिचं ते चित्र द्याल का मॅडम? तिच्या हातचं तेवढंच हाय.” मी कपाटातून काढून दिलं. देताना तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. पण तिनं ते चित्र असं छातीशी धरलं की मी तोंड मिटलं. तिच्या बाकीच्या सगळ्या कागदांची मी उन्हाळ्यातच रद्दी करून टाकली होती. काळ्या गोलांचे गठ्ठेच्या गठ्ठे. कोण ठेवणार?

त्यानंतर चार वर्षं गेली. त्या वर्षांत माझं काय झालं ते सांगितलं तर लोक हसतील. विशेष वर्गाचा तास सुरू असताना मागून घुर्रर्र ऐकू यायचं आणि मी झटकन वळायचे. रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक असतात, त्यांचाच आवाज असणार, दुसरं काय? पण तो खोलीच्या आतून यायचा. तिच्या खुर्चीवर दुसरा मुलगा बसू लागला. बाकावरचे गोल वळ तसेच होते आणि तो त्या वळांतून बोट फिरवत बसायचा. मी सुताराला बोलावून बाक घासून घेतला. ऊन तिरपं आलं की ते वळ तरी दिसायचेच. मी त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं.

हात फिरवणं बंद केलं का मी? नाही केलं. ऐका, बरं वाटावं म्हणून मी काही सांगत नाही. प्रदर्शनं होत होती, पाहुणे येत होते, मी हात फिरवत होते. फक्त पोराच्या चित्रावर ब्रश टेकवला की कोणीतरी त्या कागदाची खालची कड उचलून बघतंय असं वाटायचं. एकदा मी खरंच खाली वाकून पाहिलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय पडलं?” मी म्हटलं, “रबर.”

मग यंदा मे महिन्यात तिच्या आईचा फोन आला. शाळेला सुट्टी. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, घरात कूलरसमोरून हलायची सोय नाही.

“मॅडम, मी बोलून राहिली,” ती म्हणाली. मुलीचं नाव सांगितलं. मी त्याआधीच आवाज ओळखला होता. “तिच्या चित्राले काय झालं समजत नाही. आभाळ निघून राहिलं. पापुद्रे पडून राहिले. अन् आतून काळं काळं दिसून राहिलं, बुरशीवानी.”

मी उठून कूलर बंद केला.

“फ्रेमवाल्याले दाखवलं मी. तो म्हणे, रंग सुटला, ज्यानं काढलं त्यालेच हात फिरवायले सांगा.” मग म्हणाली, “ज्यानं काढलं ते तर नाही ना आता. म्हणून म्हटलं, मॅडमनं शिकवलं होतं तिले, मॅडमच जरा हात फिरवून देतीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघाले. पिशवीत निळा, पांढरा, डिंक, दोन ब्रश. होय, मी रंग घेऊन निघाले होते. पुन्हा झाकायलाच. मला वाटलं, झाकून टाकू, तिचं समाधान होईल, विषय संपेल. रिक्षात बसून मी रंगाचं प्रमाणसुद्धा ठरवत होते.

ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागची ती खोली. आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर चित्र. फ्रेमला सुकलेल्या शेवंतीचा हार, खाली स्टुलावर निरांजन. पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली, कूलर होता पण हवा गरमच. दर उन्हाळ्यात हेच होत असणार, डिंकाचा रंग मेणावर किती टिकणार? आईनं फ्रेम उतरवली, खिळे काढून कागद बाहेर घेतला आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला. मला पाण्याचा ग्लास दिला. मग समोर मांडी घालून बसली. नवरा गाडी घेऊन रायपूरकडे गेलेला होता.

मी पाहिलं. डोंगराच्या पोटातून एक काळा गोल बाहेर आला होता. नदीतून दोन. आभाळाचा पापुद्रा सुटून खाली तो चौकोनी गठ्ठा, त्यावर तिच्या दाबण्याच्या खाचा. काळा रंग इतक्या वर्षांत जराही फिका झाला नव्हता. ती येत होती वर. माझे तीन हात सोलून.

मी रंग कालवला. निळ्यात पांढरा, डिंक. पहिला फटकारा मारला. रंग गोळा झाला आणि गोलावरून बाजूला सरकला. पुन्हा मारला. पुन्हा सरकला. डिंक वाढवला. घाम कागदावर टपकत होता. काळ्या रेघेवर एक थेंबही थांबेना.

“काहून बसून नाही राहिला रंग?” आईनं विचारलं.

“खाली मेण आहे,” मी म्हटलं.

“कशाचं मेण?”

मी ब्रश खाली ठेवला. तिच्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून कागदाकडे बघत बोलले. “ताई, ही बुरशी नाही. हे तिचं आहे. हे काळं आहे ना, हे तिनं काढलेलं आहे.”

“अन् हे घर?”

“ते मी काढलं.”

“डोंगर?”

“मी.”

 मग तिनं उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बाई आणि फ्रॉकवाली मुलगी. तिथला रंग अजून शाबूत होता. “अन् ह्या दोघी?”

“त्याही मीच. माझ्या घरी. रविवारी.” मला वाटलं सगळंच सांगावं. “ती तिथं नव्हती. तिचा हात धरूनसुद्धा नाही काढलं मी.”

तिचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा कुणाचा पुन्हा पाहायला लागू नये. तिनं हाराकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं. “म्हणजे चार वर्सं,” ती म्हणाली, “चार वर्सं मी तुमच्या हाताले हार घालून राहिली होती?”

मला रडू फुटलं. पन्नाशीची बाई मी, हुंदके देऊन रडले. तिनं मला समजावलं नाही. का समजवावं? कूलरच्या आवाजात मी एकटीच रडत होते. थोड्या वेळानं ती उठली, वाटीत पाणी आणि जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन आली, आणि माझ्यापुढे ठेवला.

“काढा,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमचं. तुमचं तेवढं काढून टाका.”

मी फडकं भिजवलं. आधी आभाळ. मेणावरचा रंग लगेच सुटला, जिथं मेण नव्हतं तिथं कागदावर निळसर डाग उरला. मग डोंगर. मग सूर्य. नदी पुसताना खालची आख्खी ओळ उघडी पडली, गोल, गोल, गोल, एकाशेजारी एक. आई वाकून बघत होती. तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता.

“हे काढताना तोंडानं आवाज करे का थे?” तिनं एकदम विचारलं.

“हो. मी गप्प करायचे तिला.”

“कसा आवाज?”

मला तो काढता येईना. तिनंच काढला. ओठ फडफडवून, लांबलचक. घुर्रर्र. चार वर्षं मी ज्याला भीत होते तोच, त्या खोलीत, दिवसाढवळ्या.

“गाडी होय थे, मॅडम,” ती म्हणाली. “बापाची गाडी. तो निघाला का पोरगी दारात बसे, चाकाइकडे पाहत. दहा चाकी हाय ना गाडी.” तिनं ओळीवरून नजर फिरवली आणि अचानक, डोळ्यांत पाणी असताना, हसली. “पाहा तर! इनं किती लावले. पन्नास चाकं लावले बापाच्या गाडीले.”

दोन वर्षं ती माझ्यासमोर ट्रक काढत होती. दर तासाला. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, हे काय काढलंस म्हणून. बोलत नाही ती, तिला काय विचारायचं, असं मला वाटायचं.

शेवटी कोपरा राहिला. मायलेकी. मी फडकं घेऊन थांबले. “हे राहू देऊ का?” मी विचारलं. तिला त्या दोघी किती आवडायच्या ते मला दिसत होतं. बाजूला काढलेल्या काचेवर, बरोबर त्यांच्या जागी, कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. तिनं बराच वेळ पाहिलं.

“हे काढताना तिले विचारलं होतं?”

“नाही.”

“मंग काढा.”

मी पुसलं. फ्रॉक गेला, साडी गेली, धरलेले हात गेले. खालून शेवटचं चाक निघालं. खालच्या बाजूनं सुरू होऊन वर चढत आलेलं, आणि वर आल्यावर तुटलेलं. तिथून एक ओरखडा कागदाच्या कडेपर्यंत ओढत गेलेला.

“हे अर्धंच काहून?” आईनं विचारलं.

“घंटा झाली होती,” मी म्हटलं. “मी तिच्या मुठीतून खडू काढून घेतला.”

ती तो ओरखडा बघत राहिली. आणि बावीस वर्षांची सवय म्हणा, काय म्हणा, माझं बोट आपोआप पुढे झालं, ते चाक जिथं तुटलं होतं तिथं, उरलेला गोल पूर्ण करायला.

तिनं माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं.

“हात नका लावू, मॅडम,” ती म्हणाली. “खराब होईन.”